‘आई, यू वरी मी’ म्हणजे नक्की काय?

पत्र थोडक्यात असं:

पत्र लिहिणाऱ्या बाई 63 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, घरात त्या एकट्याच असतात. मुलगी, जावई आणि नऊ वर्षांचा नातू इंग्लंडच्या उत्तर भागात राहतात. मुलगी दर रविवारी तिकडच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या दुपारी अडीचला, व्हिडिओ कॉल करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अडीच वाजून गेले तरी फोन आला नाही. बाईंनी केला, कुणी उचलला नाही. अर्ध्या तासात चौदा वेळा केला. शेवटी तीन वाजता मुलीच्या ऑफिसातल्या एका मराठी मैत्रिणीला फोन लावला. ती बिचारी रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून वीस मिनिटं गाडी चालवत गेली आणि बेल वाजवली. घरात सगळे झोपलेले. त्या रात्री तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती, हे बाईंच्या लक्षात नव्हतं. मुलगी नंतर फोनवर म्हणाली, ‘आई, यू रिअली वरी मी समटाइम्स.’

आता या वाक्याची मागची बाजू. उन्हाळ्यात बाई तिकडे गेल्या होत्या, तेव्हा यॉर्कशर डेल्समधल्या एका कुरणाच्या फाटकावर त्यांनी पाटी वाचली होती: मेंढ्यांना ‘वरी’ करणाऱ्या कुत्र्यांना गोळी घातली जाईल. नातू म्हणाला होता, ‘आजी, तू पण खूप वरी करतेस, जपून राहा हं!’ तेव्हा सगळे हसले. या वेळी मात्र बाईंनी मोबाइलवर शब्दाचं मूळ शोधलं आणि सापडलं ते ‘गळा दाबणे’. त्या लिहितात: ‘माझ्या लेकीला मी गळा आवळणारी वाटते का? मूळ अर्थच तो असेल, तर तो नाकारायचा कसा? तीन आठवडे मी फोन केला नाही. तिचा आला तर दोन मिनिटांत ठेवते. घशाखाली घास उतरत नाही. असंच गप्प राहावं, जावयांना मध्ये घालावं, की तिला सरळ जाब विचारावा?’

प्रिय बाई,

तुम्ही शाळेत शिकवलंय, म्हणून बाईच म्हणते. पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात नातवाच्या वाक्याला हसले. दुसऱ्या वाचनात ‘मूळ अर्थच तो असेल, तर तो नाकारायचा कसा?’ या ओळीपाशी अडले. मुलीच्या त्या इंग्रजी वाक्याहून मोठा गुंता मला या मराठी ओळीत दिसतो. तेव्हा आधी शब्दाचं बघू, मग लेकीचं. शब्दाच्या बाबतीत मी जरा पाल्हाळ लावेन, सांभाळून घ्या. आयुष्यभर इंग्रजी शिकवल्याची खोड आहे.

तुम्ही शोधलंत त्यात चूक काही नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘वुर्गन’ असं एक क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ गळा दाबणे, गुदमरवून मारणे असाच होता. त्याचा जर्मन भाऊ ‘व्युर्गेन’ आणि डच भाऊ ‘वुर्गेन’ आजही तोच धंदा करतात. इंग्रजीतला मात्र घर सोडून निघाला. आधी तो माणसाच्या हातातून जनावराच्या दातात गेला. लांडग्याने किंवा कुत्र्याने मेंढीची नरडी धरायची, हिसडे द्यायचे, सोडायची, पुन्हा धरायची, हे सगळं ‘वरी’. स्कॉटलंडने जुना अर्थ जास्त दिवस सांभाळला, आणि तोही कुठे, तर चेटकिणींच्या खटल्यांत. चेटकीण ठरवलेल्या बाईला खांबाला बांधून आधी गळा आवळून मारत आणि मग जाळत. त्या शिक्षांच्या नोंदींत गळा आवळण्यासाठी हेच क्रियापद येतं.

शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात राणी मार्गारेट शिव्याशाप देताना रिचर्डला कुत्रा म्हणते: डोळे उघडण्याआधीच ज्याला दात होते, कोकरांना ‘वरी’ करायला आणि त्यांचं रक्त चाटायला. पुढे 1755 साली डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनचा गाजलेला शब्दकोश आला. त्यात या शब्दाचे अर्थ दोनच दिलेत. श्वापदाने भक्ष्याला फाडावं तसं फाडणे हा एक, आणि क्रूरपणे छळणे हा दुसरा. उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत जागणारी आई त्या कोशात कुठेच नाही.

ती आली फार उशिरा. दातांवरून शब्द हळूहळू पिच्छा पुरवणे, सतावणे, भंडावून सोडणे इथपर्यंत मऊ होत आला. मग एकोणिसाव्या शतकात तो कातडीच्या आत शिरला. आधी ‘मनाला घोर लावणे’, आणि शतकाच्या मध्यावर कधीतरी नुसतंच ‘काळजी करत बसणे’. आपली पेशवाई बुडाली 1818 साली. तेव्हा पुण्यात आलेल्या एखाद्या इंग्रज साहेबाला मराठ्यांच्या धास्तीने रात्रभर झोप लागली नसेल, पण ‘मी वरी करत होतो’ असं काही तो सकाळी म्हणाला नसता. ‘कुणाला?’ असं समोरच्याने विचारलं असतं.

या ‘कुणाला’वर थोडं थांबू या. व्याकरण तुम्हाला नवीन नाही. शेकडो वर्षं हे क्रियापद सकर्मक होतं. कर्म लागायचंच, आणि ते दुसऱ्याचं नरडं असायचं. एकोणिसाव्या शतकात ते अकर्मकही वापरलं जाऊ लागलं. कुत्रा तोच, पण मेंढी दिसेनाशी झाली. माणूस एकटा बसून ‘वरी’ करायला लागला, म्हणजे धरणाराही तोच आणि धरला गेलेलाही तोच. तुमच्या घशाखाली घास उतरत नाही असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला हे आठवलं. शब्दकोश न उघडता तुमच्या मराठीने नेमकी गळ्याचीच जागा दाखवली.

आणि इंग्रजी काही यात एकटी नाही. ‘अँग्झायटी’ हा शब्द लॅटिनमधून आला, त्याच्याही मुळाशी आवळणे, घुसमटणे हेच आहे. त्याच कुळातला वैदिक संस्कृत शब्द आहे ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी. ‘फ्रेट’ नावाचं आणखी एक जुनं इंग्रजी क्रियापद आहे, आज त्याचाही अर्थ काळजीत कुढणे. ते मुळात होतं खाऊन टाकणे, फस्त करणे. आपणही काळजी पोखरते म्हणतो, पोर डोकं खातं म्हणतो. भीती माणसाला जिथे जाणवते तिथूनच भाषा शब्द उचलते, मग ती यॉर्कशरची असो की सांगली-मिरजेची. (खरं सांगू का, आपल्याकडे वरी म्हटलं की मला पहिल्यांदा भगरच आठवते. एकादशीच्या दिवशी ‘वरी घेतलीस का?’ असा प्रश्न आमच्या घरात कुणालाही जड गेला नाही.)

पण म्हणून ‘मूळ अर्थ तोच, म्हणजे खरा अर्थ तोच’ असं तुम्ही म्हणालात तर मी तुम्हाला अडवीन. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. उद्या तुम्ही जावयांना म्हणालात, ‘मला तुमचा फार राग येतो,’ आणि वर ‘मूळ अर्थाने बरं का,’ असं जोडलंत, तर त्यांनी काय समजायचं? ‘चेष्टा’ म्हणजे एकेकाळी हालचाल, प्रयत्न. ‘शिक्षा’ म्हणजे शिकवणं, आणि हिंदीत अजूनही तेच. पण वर्गात तुम्ही ‘शिक्षा करीन’ म्हणालात तेव्हा एकाही पोराने आनंदाने पाटी पुढे केली नसेल. शब्दाचं मूळ हे त्याच्या आजोळासारखं असतं. तिथे जाऊन यावं, जुन्या गोष्टी ऐकाव्यात, पण त्याचा आजचा पत्ता तिथे शोधू नये. पुढच्या वेळी कुठल्याही शब्दाचं मूळ बघाल तेव्हा अर्थाशेजारी दिलेलं सालही वाचत जा. कोणता अर्थ कधी सुरू झाला आणि कधी मावळला, हे चांगले कोश नीट देतात. मोबाइलवरच्या दोन ओळींत नेमकं तेच गळतं. मला येणाऱ्या पत्रांत हे हल्ली वारंवार दिसतं. कुणी सुनेच्या शब्दाचं मूळ शोधतं, कुणी साहेबाच्या ईमेलमधल्या शब्दाचं, आणि मग आठव्या शतकातल्या अर्थाने आज रुसून बसतं.

आता ती पाटी. ‘मग पाटीवर जुना अर्थ कसा?’ असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. शेतीत आणि कायद्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. पाळीव जनावरांना कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी तिकडे 1953 चा कायदा आहे आणि त्यात ‘वरी करणे’ म्हणजे काय ते सांगितलेलं आहे. हल्ला करणे तर आलंच, पण इजा होईल किंवा त्रास होईल अशा रीतीने नुसतं मागे धावणंही त्यात येतं, कारण गाभण मेंढी घाबरून पळाली तरी गाभ पडू शकतो. कुत्रा मोकळा सोडून मेंढ्यांच्या कुरणात नेणंसुद्धा त्याच कायद्याने गुन्हा ठरतं. आणि 1971 च्या दुसऱ्या एका कायद्याप्रमाणे, जनावरं वाचवायला दुसरा उपाय नसेल तर शेतकऱ्याने असं कुत्रं मारलं तरी त्याला बचाव आहे, फक्त 48 तासांत पोलिसांना कळवावं लागतं. ती पाटी धनगराची आहे, बाई. तुमची लेक ऑफिसात बसून काम करते. दोघांचं इंग्रजी एक असलं तरी दोघांचा ‘वरी’ एक नाही.

मग लेकीचा ‘वरी’ कोणता?

इथे माझं आणि तुमचं जरा वेगळं पडतं. तुम्ही त्या वाक्याचा अर्थ ‘तू मला छळतेस’ असा लावलात. तसा तो लागू शकतो, नाही असं नाही. पण आजच्या बोलण्यात ‘यू वरी मी’ म्हटलं की बहुतेक वेळा अर्थ होतो ‘मला तुझी काळजी वाटते’. इंग्रजी वाक्यात कर्ता ‘तू’ आणि कर्म ‘मी’. मराठीत तेच म्हणताना वाक्य उलटं होतं, काळजी ‘मला’ वाटते आणि ती ‘तुझी’ असते. तुम्ही शब्द न् शब्द मराठीत उतरवलात, म्हणून ‘तू मला वरी करतेस’ असं झालं आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

त्या सकाळी तिकडे काय दिसलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. रविवार, सकाळचे दहा वाजत आलेले. बेल वाजते. दारात मैत्रीण, घाबरलेली. फोन बघावा तर चौदा मिस्ड कॉल. पहिल्या क्षणी तिला काय वाटलं असेल? ‘आई आपल्याला छळते’ असं? मला नाही वाटत. चौदा मिस्ड कॉल बघून परदेशातल्या लेकीच्या मनात एकच येतं: आईला काही झालं. मग कळतं की आईला काही झालेलं नाही, फक्त घड्याळाचा एक तास चुकला. सुटकेचा श्वास सोडत माणूस जे बोलतं ते कधीच धड नसतं. 63 वर्षांची आई, घरात एकटी, अर्ध्या तासात एवढी कासावीस होते, हे बघून तिला तुमची काळजी वाटली असण्याची शक्यता मला जास्त दिसते. ती चिडलीही असेल, मैत्रिणीपुढे ओशाळलीही असेल. एका वाक्यात तिन्ही मावतात.

आता तुम्हाला थोडं टोचेल असं. तुमच्या पत्रात एक समजूत न बोलता बसलेली आहे: काळजी हे प्रेमाचं माप, जितकी काळजी जास्त तितकं प्रेम जास्त. तेव्हा कुणी काळजीबद्दल बोललं की तुम्हाला ते प्रेमाबद्दल बोलल्यासारखं लागतं. पण आपल्याच भाषेत काळजी ‘करणं’ वेगळं आणि काळजी ‘घेणं’ वेगळं. शाल पाठवणं, नातवासाठी मेतकूट करून ठेवणं, तिच्या परीक्षेच्या काळात पहाटे उठून चहा करणं, हे घेणं. अडीच ते तीन तुम्ही जे केलंत ते करणं. इंग्रजीत घेण्यासाठी ‘केअर’ आहे, आणि गंमत म्हणजे तो जुन्या इंग्रजीत दुःख, शोक अशा अर्थाचा होता. शोकातून निघून तो दुसऱ्याला सांभाळण्यापर्यंत आला. ‘वरी’ नरड्यापासून निघाला आणि स्वतःच्या उशीपर्यंत आला. दोघांनी प्रवास केला, पण पोचले वेगवेगळ्या गावी.

‘वरी’चा आणखी एक उपयोग इंग्रजीत आहे, तो मला या सगळ्यांत अचूक वाटतो. हलणाऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा लागत राहते, तेही ‘वरी’ करणंच. जीभ दात पाडत नाही आणि घट्टही करत नाही, नुसती जाऊन बघते, अजून हलतोय का. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘अधूनमधून तिचं लास्ट सीन बघत होते.’ मी माझ्या खुर्चीत बसून तुमचा अंगठा पाहिला. मोबाइल उचलला, हिरवा टिकला दाबला, वेळ पाहिली, पालथा ठेवला, गॅसपाशी गेलात, परत आलात, उचलला. माझी आई ट्रंक कॉलच्या जमान्यात हेच काळ्या फोनच्या बाबतीत करायची. रिसीव्हर उचलून डायल टोन आहे ना ते बघायची, आणि नेमका त्याच क्षणी मी फोन लावत असेन तर मला लाइन एंगेज मिळायची. आम्ही दोघी एकमेकींवर चिडायचो. तिने एकदाही कबूल केलं नाही.

आता तुमच्या तीन वाटा. जावयांना मध्ये घालू नका. हे वाक्य आई आणि लेकीमधलं आहे, तिसऱ्याच्या तोंडून परत गेलं की त्याची तक्रार होते. जाब विचारणं मला त्याहून वाईट वाटतं, विशेषतः कोश हातात घेऊन. ‘तू मला असं म्हणालीस, आणि त्याचा मूळ अर्थ माहितीये का तुला?’ असं सुरू झालेलं बोलणं कुठे जाणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही वर्ग सांभाळलेत.

राहिला अबोला. तो तुम्ही निवडून झालेला आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते. तुम्हाला वाटतंय तुम्ही हात मागे घेतलात. तिकडे मात्र एरवी स्वतःहून फोन करणारी आई अचानक ‘बरं, ठेवते’ म्हणायला लागली आहे. ज्या लेकीला आईची काळजी वाटत होती, तिला आता दुप्पट वाटत असेल. कर्म बदललं, क्रियापद तेच राहिलं.

अबोल्यावरून आपल्याकडचीच एक गोष्ट आठवली. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं, 1988 साली तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलेलं. ते वाक्य मुळात त्याचं नाही, ते मेहेरबाबांचं. पुण्यात जन्मलेल्या, नगरजवळच्या अरणगावी मेहेराबादला राहिलेल्या मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून आणि नंतर नुसत्या खुणांनी ते बोलत. ते वाक्य पोस्टरवर छापलं जाऊन सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घराच्या भिंतीपर्यंत पोचलं, तिथे ते गायकाने पाहिलं आणि गाणं झालं. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाचं वाक्य जगभर गुणगुणलं गेलं. पण बाई, त्यांचं मौन वेगळं आणि तुमचा अबोला वेगळा. ते न बोलताही लोकांशी सतत बोलत होते. तुम्ही बोलूनही काही सांगत नाही आहात. आणि ‘काळजी करू नका, आनंदी राहा’ एवढंच लिहून तुमची बोळवण करायची तर मीही केली असती, पण कुणी सांगितल्याने थांबली अशी काळजी मी आजवर पाहिलेली नाही.

तर माझं म्हणणं असं. या रविवारी तिच्या फोनची वाट बघू नका, शनिवारी तुम्हीच एक व्हॉइस मेसेज पाठवा. मराठीत. लांबलचक नको. ‘त्या दिवशी फोन आला नाही तेव्हा मी घाबरले. वेळ बदलल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. तू वरी म्हणालीस ते मला लागलं, पण मी ते नीट समजले का ते माहीत नाही. तुला काय म्हणायचं होतं?’ यात तिच्यावर आरोप नाही आणि तुमचं लागणंही लपवलेलं नाही. उत्तर ‘मला तुझी काळजी वाटते’ असं आलं तर प्रश्न मिटला. ‘हो, कधीकधी मला तुझं दडपण येतं’ असं आलं तरी ऐकून घ्या. एका दिवसाच्या दडपणाबद्दल ती बोलतेय, तुमच्या तीस वर्षांच्या आईपणाचा निकाल देत नाहीये.

बोलणं झालं की एक साधी गोष्ट दोघींनी मिळून ठरवा: फोन आला नाही तर किती वेळ थांबायचं, आणि मग पहिला फोन कुणाला. मी तीन तास म्हणेन, तुम्ही एक म्हणाल, दीड-दोनवर या. पहिला फोन जावयांना. ऑफिसातली मैत्रीण यादीत शेवटी. तिला एकदा तुम्ही स्वतः फोन करून ‘तुझी झोपमोड केली गं’ म्हणा, ते मात्र राहिलंच आहे. हाच ठराव उलट्या बाजूनेही करा. तुमचा फोन लागला नाही तर तिने कुणाला विचारायचं? शेजारी कुणाकडे घराची दुसरी किल्ली आहे? तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी तिच्याकडे आहे का? तुम्ही तिची काळजी करता तशी तिला तुमची घ्यायची आहे, आणि त्यासाठी तिच्या हातात काही नाही. परदेशात मुलं असलेल्या प्रत्येक घराने हे एकदा करून ठेवावं, संकट यायच्या आधी, शांतपणे चहा पीत.

फोनवर तुम्ही काय विचारता तेही एकदा ऐका. ‘जेवलात का? थंडी फार आहे का? खोकला गेला का? का उचलला नाहीस?’ हे प्रश्न सगळे जीभ-दाताचे आहेत. त्यांना ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय उत्तर नसतं. नातवाला ‘वरी’ची ही सगळी कुळकथा सांगा. कोकरं, लांडगा, खांब (तो जरा गाळून), पाटी. नऊ वर्षांच्या मुलाला असं काही मिळालं तर तो आईला बाजूला सारून स्वतः फोन धरेल.

आणि एक, याला सल्ला म्हणू नका, विनंती म्हणा. घास न उतरणं, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग हे आणखी दोन-तीन आठवडे चाललं, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं बोलायचं असेल तर मनाच्या आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथे फोन करणं म्हणजे वेड लागणं नव्हे. हे वाक्य मी प्रत्येक वेळी लिहिते, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच.

तुमचा मूळ प्रश्न राहिला, लेकीला तुम्ही गळा आवळणारी वाटता का. त्याचं उत्तर लेकच देईल. मी फक्त शेक्सपिअरच्या आणखी एका नाटकाकडे बोट दाखवते, ‘विंटर्स टेल’. राजा लिऑन्टीजने स्वतःच्या संशयापायी तान्ह्या मुलीला टाकून दिलेलं असतं. सोळा वर्षांनी ती सापडते. तो प्रसंग रंगमंचावर दिसत नाही, दरबारातला एक गृहस्थ येऊन सांगतो: राजाने बोहेमियाच्या राजाची क्षमा मागितली, जावयाला कवटाळलं, आणि मग पुन्हा मुलीला मिठ्या मारमारून तो तिला ‘वरी’ करू लागला. शब्द तोच, कोकरांच्या नरडीवर दात रोवणारा. इथे तो बापाच्या हातांत आहे. मुलीला त्या मिठीत श्वास घ्यायला जागा राहिली होती का, ते मात्र तो गृहस्थ सांगत नाही.

तुम्ही तेवढं विचारून घ्या.

आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातील. आत्ता साडेतीनला येणारा फोन त्या दिवसापासून परत अडीचला येईल. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, आणि त्या दिवशी कुकर जरा लवकर लावा.